शब्दचर्चा : ‘जनरेटिव्ह आर्ट’ला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम
पुण्यातल्या एका छोट्या प्रदर्शनाच्या पाट्या मराठीत करायच्या आहेत. विषय आहे १९६५ पासून आजपर्यंतची संगणकावरची चित्रं. ‘डिजिटल आर्ट’ आणि ‘जनरेटिव्ह आर्ट’ हे शब्द जवळपास प्रत्येक पाटीवर येतात. त्यांना ‘अंकीय कला’ आणि ‘जनित्र कला’ असे प्रतिशब्द सुचवले गेलेत. दोन्ही खटकतात. शिवाय ‘रँडम’, ‘सीड’ आणि ‘शॉटर’ नावाचं एक जर्मन चित्र, यांचंही काहीतरी करायचं आहे.

कसबेकर
‘अंकीय’ आधी खोडा. पुण्यात ही पाटी वाचून एक जण विचारेल ‘किती अंकी?’ आणि दुसरा विचारेल ‘दिवाळी अंक कधी येतोय?’ लॅटिनमध्ये डिजिटस म्हणजे बोट. बोटांवर मोजतात म्हणून पुढे आकडा. आपल्या ‘अंक’ला खूण, मांडी, नाटकाचा भाग असे आधीचेच चार अर्थ चिकटलेले आहेत. ‘डिजिटल’ आता भाजीवाल्याच्या तोंडीसुद्धा आहे, तो तसाच ठेवा.

आणि ‘जनित्र’ म्हणजे लाइट गेल्यावर सोसायटीच्या तळमजल्यावर धडधडतं ते.

रेघोट्या
शब्द ठरवण्याआधी एक गल्लत निस्तरू. डिजिटल हे माध्यमाचं नाव, जनरेटिव्ह हे पद्धतीचं : चित्रकार नियम ठरवतो, चित्र त्या नियमातून निघतं. फेब्रुवारी १९६५ मध्ये श्टुटगार्टला तत्त्वज्ञ माक्स बेन्झ यांच्या स्टुडिओ गॅलरीत गणितज्ञ गेऑर्ग नीस यांची चित्रं लागली, ती कागदावर शाईने काढलेली होती. आज्ञावली (प्रोग्रॅम) लिहायची, ग्राफोमॅट झेड ६४ या प्लॉटरला द्यायची आणि प्लॉटरने पेनाने रेघा ओढायच्या. पडदा कुठेच नव्हता. उलट मोबाइलवर बोटाने रंगवलेलं गणपतीचं चित्र शंभर टक्के डिजिटल असतं, पण जनरेटिव्ह अजिबात नसतं.

‘जनरेटिव्ह’ हे विशेषण आलं भाषाशास्त्रातून. मोजक्या नियमांतून अगणित वाक्यं कशी निघतात, हे चॉम्स्की यांनी १९५७ पासून मांडलं. बेन्झ यांनी तोच शब्द सौंदर्यशास्त्रात नेला. नीस यांच्या १९६९ च्या प्रबंधाच्या नावातही तो आहे. हिंदीवाले चॉम्स्कींच्या व्याकरणाला ‘प्रजनक व्याकरण’ म्हणतात. मराठीत ‘प्रजनक कला’ लिहिलंत तर लोक पशुसंवर्धनाचं प्रदर्शन समजून येतील.

माझी सूचना : नियमजन्य कला. जनक तो नियम, जन्य ते चित्र. पाटी चित्राखाली लागणार, त्यामुळे ‘जन्य’च हवं.

कसबेकर
‘संगणकीय कला’ का नको? सोपा शब्द आहे.

रेघोट्या
कारण संगणक असायलाच हवा असं नाही. चित्रकार व्हेरा मोल्नार यांनी पॅरिसमध्ये १९५९ पासून ‘कल्पित यंत्र’ चालवलं. स्वतःच नियम ठरवायचा, तो यंत्रासारखा तंतोतंत पाळायचा आणि सगळं हाताने काढायचं. प्रत्यक्ष संगणक त्यांना मिळाला १९६८ मध्ये. चित्रांची जातकुळी दोन्हीकडे एकच.

उंबरठा
मग दारातली ठिपक्यांची रांगोळी नियमजन्य म्हणायची का? ‘११ ते ६’ हा तर अख्खा नियमच आहे. मधल्या ओळीत ११ ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करत ६ पर्यंत. ओळी ११, एकूण ठिपके ९१. एकदा ‘११ ते ६’ म्हटलं की कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही.

रेघोट्या
ठिपके नियमजन्य, नक्षी नाही. आपल्याकडे ठिपके जोडून कमळ किंवा मोर काढतात तो पुस्तकातून नाहीतर आठवणीतून येतो. तमिळ रांगोळीची, कोलमची, गोष्ट वेगळी. तिथे रेघ ठिपक्यांभोवती वळसे घेत जाते आणि वळण्याचे नियम लिहून काढता येतात. मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या शिरोमणी दांपत्याने कमला कृतिवासन यांच्यासोबत १९७४ मध्ये कोलमचं औपचारिक व्याकरण मांडलं. म्हणजे शब्द व्याकरणातून चित्रात गेला, तसं चित्रही व्याकरणात आलं.

खडूफळा
नीस यांच्या ‘शॉटर’ या चित्राबद्दल. जर्मनमध्ये त्याचा अर्थ खडी. रस्त्यावर, रुळांखाली टाकतात ती. ‘वाळू’, ‘कंकर’, ‘रेव’ काही नको. कोंढव्यातला खडी मशीन चौक माहीत असलेल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. आणि चित्र आहेही तसंच. १९६८ च्या आसपासचं. १२ रकाने, २२ ओळी, एकूण २६४ चौकोन. वर शिस्तीत उभे, खाली येता येता कलंडत, घसरत, एकमेकांवर चढलेले. डंपरमधून ओतल्यासारखे.

पाटीशेजारी ‘हे कसं काढतात’ असा कोपरा करणार असाल तर कृती अशी. ओळी ० ते २१ मोजा. प्रत्येक चौकोनासाठी –१ ते १ मधला एक यादृच्छिक आकडा उचला, त्याला ओळीच्या क्रमांकाने गुणा आणि २१ ने भागा. आलेल्या उत्तराची ४५ पट म्हणजे अंशांमधलं वळण. शून्याव्या ओळीत वळण शून्य, शेवटच्या ओळीत जास्तीत जास्त ४५. सरकवण्यासाठी आडवा आणि उभा असे दोन वेगळे आकडे उचला. वळणाचाच आकडा पुन्हा वापरलात तर डावीकडे सरकलेला प्रत्येक चौकोन एकाच बाजूला कलतो आणि खडीऐवजी वाऱ्याने वाकलेलं शेत दिसतं. ४५ हा आपल्या सोयीचा आकडा आहे, नीस यांचा नव्हे.

पी-फाइव्ह जेएसमध्ये (आज्ञा लिहून चित्रं काढायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत) करताना चार ठिकाणी हमखास अडतं :
– ‘रोटेट’ला अंश दिले जातात, त्याला हवे असतात रेडियन. ४५ दिलं की चौकोन सात वेळा गरगरून भलतीकडेच थांबतो.
– ‘पुश’ (आधीची स्थिती जपून ठेवणं) आणि ‘पॉप’ (ती परत आणणं) राहून जातं. मग प्रत्येक वळण आधीच्या वळणावर चढतं आणि दुसऱ्या ओळीपर्यंत सगळं पडद्याबाहेर.
– चौकोन कोपऱ्यापासून काढला जातो. ‘रेक्टमोड’ सेंटर करा, म्हणजे तो स्वतःभोवती फिरेल.
– ‘ड्रॉ’ सेकंदाला साठेक वेळा चालतं, दर वेळी नवे आकडे उचलतं आणि चित्र थरथरत राहतं. ‘नोलूप’ लिहा किंवा ‘ड्रॉ’च्या पहिल्याच ओळीत ‘रँडमसीड’ बांधून टाका.

अर्धविराम
‘यादृच्छिक’ पाटीवर चालेल? शाळेतली मुलं येणार आहेत.

खडूफळा
गणिताच्या पुस्तकात चालतो, पाटीवर अडखळवतो. निम्मे लोक ‘याद्रुच्छिक’ लिहितात, उरलेले ‘यादृच्छीक’. मूळ शब्द यदृच्छा, ‘च्छि’ ऱ्हस्व. मुलांसाठी ‘फासा टाकून आलेला आकडा’ लिहा. ‘कसाही’ मात्र लिहू नका. –१ ते १ ही हद्द आपणच घातलेली असते, कसंही काही होत नाही.

‘सीड’ला, म्हणजे फाशाचे पुढचे सगळे आकडे ज्या एका आकड्यावरून ठरतात त्याला, बीजांक. नुसतं ‘बीज’ म्हणालात तर एक गोष्ट निसटते : शेतातल्या एकाच वाणाच्या दोन बियांची झाडं हुबेहूब सारखी येत नाहीत, इथे मात्र तोच बीजांक दिला की तेच चित्र, रेघेला रेघ जुळवून. टायलर हॉब्स यांच्या २०२१ च्या ‘फिडेंझा’ मालिकेत ९९९ चित्रं आहेत. आज्ञावली एक, बीजांक ९९९.

बुधवारातला
प्लॉटरबद्दल थोडं. पुण्यात ‘प्लॉटर’ म्हटलं की लोक रेडियमवाल्याचं कटिंग मशीन समजतात, आणि ते चुकीचं नाही. पात्याच्या जागी पेन बसवलं की तेच मशीन ‘खडी’ काढून देतं. प्रात्यक्षिक ठेवणार असाल तर पात्याचा ऑफसेट, जो सहसा ०.२५ मिलिमीटर असतो, तो शून्य करा. पात्याचं टोक त्याच्या अक्षाच्या तेवढंच मागून ओढलं जातं म्हणून मशीन कोपऱ्यावर जास्तीचा वळसा घेतं. पेनाला तो वळसा नको असतो, नाहीतर २६४ चौकोनांच्या प्रत्येक कोपऱ्याला शेपटी फुटते. दाब अगदी कमी, वेगही कमी. वेग वाढला की जेल पेनाची शाई मागे पडते आणि रेघ तुटते. कागद जाड घ्या, कारण रोलर तो सारखा मागेपुढे ओढतात. पातळ कागद तिरका होतो आणि शेवटच्या ओळी नीस यांनी सांगितल्यापेक्षा जास्तच विस्कटतात.

कसबेकर
‘नियमजन्य’ मान्य. पण २०२२ नंतर लोक ‘जनरेटिव्ह’ म्हणतात ते वेगळ्याच गोष्टीला. वाक्य टाइप केलं, चित्र आलं. त्यात चित्रकाराने लिहिलेला नियम कुठाय?

रेघोट्या
खरी अडचण इथेच आहे. चित्रकार हॅरल्ड कोहेन यांनी १९७० च्या दशकापासून ‘ॲरन’ या आज्ञावलीला चित्र काढायला शिकवलं, पण नियम स्वतः बसून लिहिले. २०१४ मध्ये इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी गॅन (एकमेकांवर कुरघोडी करत शिकणारी दोन न्यूरल नेटवर्क) मांडलं. त्यात नियम कुणी लिहीत नाही, हजारो चित्रांवरून यंत्र ते बसवतं. २०१८ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ४,३२,५०० डॉलरला गेलेल्या ‘एडमंड द बेलामी’च्या तळाशी सही म्हणून गॅनचं सूत्र छापलंय. शब्द एक राहिला, कामाची रीत पालटली. म्हणून दुसऱ्या जातीला नमुनाजन्य म्हणू या.

कसबेकर
फारसी ‘नमुना’ला संस्कृत ‘जन्य’! आणि पुण्यात ‘नमुना’ माणसालाच जास्त म्हणतात.

रेघोट्या
अर्थ तर लागतो ना. ‘कृत्रिम कला’पेक्षा बरं. १९६५ च्या त्या प्रदर्शनात चित्रकार चिडले, तेव्हा बेन्झ यांनी समजूत घालायला हाच शब्द काढला होता. जर्मनमध्ये कला आणि कृत्रिम हे शब्द एकाच मुळाचे, त्यामुळे त्यात गंमत होती. आपल्याकडेही कृती आणि कृत्रिम दोन्ही ‘कृ’ धातूचे, पण मराठी कानाला ‘कृत्रिम’ म्हटलं की प्लॅस्टिकची फुलं आठवतात.

उंबरठा
नामावर एवढी झटापट कशाला? क्रियापदं बघा ना. हाताने असेल तर चित्र काढलं. नियम लिहून सोडून दिला तर चित्र निघालं. वाक्य टाइप करून मागवलं तर चित्र काढून घेतलं. शेजारच्या काकूंकडून रांगोळी काढून घेतल्यावर ‘मी काढली’ असं कुणी म्हणत नाही.

अर्धविराम
हे घेतो! पहिली पाटी अशी :
*खडी. गेऑर्ग नीस, १९६८ च्या सुमारास. नियम जन्य रेखाटन, कागदावर प्लॉटरने.*

कसबेकर
‘नियमजन्य’ एक शब्द. मधली जागा काढा.