देवनागरी नीट दाखवणारा टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) कोणता? मदत हवी आहे
बडोद्यात आमच्या गणपती मंडळाचा हिशोब मी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमवर सांभाळतो, फाइलींची नावं मराठीत, काही गुजरातीत. अलाक्रिटी हा टर्मिनल टाकून पाहिला, फास्ट आहे पण ‘वर्गणी_पावत्या’ मधली जोडाक्षरं फुटतात, ‘हिशोब’ची वेलांटी भलतीकडे, आणि टॅब नाहीतच (एका खिडकीत अनेक टर्मिनल चालवणारं टीमक्स वापर असं सांगू नका, ते माहितीये). फॉन्ट बदलून झाले, लोकेल (सिस्टिमची भाषा नि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ च आहे. कॉन्सोल या दुसऱ्या टर्मिनलमध्ये अक्षरं बरी दिसतात पण त्यात विम एडिटरमध्ये कर्सर एकीकडे नि टाइप होतं दुसरीकडे, वैताग नुसता! लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, त्यामुळे जड काही नको, स्पीडचं मला तसंही कौतुक नाही. एमएलटर्म किंवा वेझटर्म हे टर्मिनल रोज वापरणारं कोणी आहे का, आणि मराठी ओळ एडिट करताना त्यात कर्सर जागेवर राहतो का?