अंड्यावरच्या कोंबड्यांना राईस पॉलिश किती?

प्रश्न: गिरणीतून ताजं राईस पॉलिश (तांदूळ पॉलिश करताना निघणारा बारीक कोंडा) मिळतं. २०० गावरान कोंबड्यांना मका कमी करून किती द्यावं? सरकी पेंडही स्वस्त आहे.

उत्तर १: १०० किलो खाद्यात १० ते १५ किलो पुरे. पण साळ कांडल्यापासूनच त्यातलं तेल खवट व्हायला लागतं. पोत्यात हात घालून बघा. आत गरम लागलं, साबणासारखा वास आला, तर घेऊ नका. उन्हाळ्यात आठवडाभराचंच आणा.

उत्तर २: सरकी पेंड नकोच. तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्यामुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी होतो, मग गिऱ्हाईक कसलं फिरकतंय! प्रथिनांसाठी सोया पेंडच ठेवा.

प्रश्नकर्ता: तेल काढलेला तांदळाचा कोंडा चालेल?

उत्तर १: चालेल, टिकतोही जास्त. पण ऊर्जा बरीच कमी, त्यामुळे मक्याला कात्री लावता येणार नाही.