जिद्दीचे लघुपट आणि डोक्यावरून गेलेली तार

रातकिडा (धागाकर्ता)

आफ्रिकेतल्या तरुण दिग्दर्शकांचे पाच ते वीस मिनिटांचे माहितीपट हल्ली सहज बघायला मिळतात. विषय रोजच्या जगण्याचे: नळाला पाणी नाही, रात्री वीज नाही, भंगारातून बनवलेली शेगडी, मोटारसायकलवरची सवारी. वर्णनात मात्र एकच शब्द सगळीकडे चिकटवलेला: जिद्द. या शब्दाचा मला कंटाळा आलाय, आणि तो निरुपद्रवी आहे असंही वाटत नाही.

काँगो प्रजासत्ताकाची (डीआर काँगो) राजधानी किन्शासा घ्या. काँगो नदीवर इंगा १ (१९७२) आणि इंगा २ (१९८२) ही दोन वीजकेंद्रं, मिळून स्थापित क्षमता सुमारे १७७५ मेगावॉट. तिथून देशाच्या आग्नेय टोकाला कोल्वेझीच्या खाणपट्ट्याकडे जवळपास १७०० किलोमीटरची उच्चदाबाची लाइन जाते. ती डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) आहे, घरात चालते ती एसी, त्यामुळे वाटेतल्या गावासाठी तिला फांदी काढायची तर मध्ये वेगळं कन्व्हर्टर केंद्र उभारावं लागतं. ते कोण उभारणार? म्हणजे तार डोक्यावरून गेली आणि खाली कंदील. आता त्या कंदिलापाशी बसून जुन्या बॅटऱ्या जोडणाऱ्या पोराचे हात क्लोजअपमध्ये दाखवायचे, शेवटी सूर्यास्त आणि हसरा चेहरा, की झाला जिद्दीचा लघुपट. कॅमेरा एकदाही वर तारेकडे जात नाही.

मधला पडदा

असहमत. तुम्ही वाईट नमुना घेऊन अख्ख्या प्रकाराला झोडपताय. किन्शासाचंच नाव काढलंत तर तिथल्याच दिग्दर्शक नेल्सन माकेंगोचा ‘अप ॲट नाइट’ (२०१९) विसरून कसं चालेल? वीस मिनिटांचा आहे, ॲमस्टरडॅमच्या इडफा या माहितीपट महोत्सवात सर्वोत्तम लघु माहितीपट ठरला. वीज नसलेल्या वस्त्यांतल्या रात्री आणि येणार-येणार म्हणून गाजत असलेलं इंगा ३ हे नियोजित धरण, हाच त्याचा विषय. पडदा तीन भागांत विभागलेला आहे. अंधार तिन्ही चौकटींत, आणि माणसांनी स्वतः जमवलेला उजेड कधी या चौकटीत, कधी त्या. धरणाचं राजकारण आणि हातातली विजेरी एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात. तुम्हाला हवी असलेली ‘तार’ तिथे आहे, फक्त नकाशा काढून दाखवलेली नाही.

वीस मिनिटांत डीसी-एसी समजावत बसलं तर ते शैक्षणिक चित्रफितीसारखं होईल.

वायरमन

दोघांच्या भांडणात अंधार चित्रित करणं किती अवघड आहे ते राहूनच गेलं. तिकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे मेन्सवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. फोन मुळातून ३० फ्रेम आणि १/६० शटरवर असेल तर भिंतीवर पट्टे सरकतात. २५ फ्रेम, शटर १/५० किंवा १/१०० केलं की जातात. पण छोट्या जनरेटरवर नेमकी उलटी गंमत: लोड वाढला की इंजिन मंदावतं, ५० चे ४८ होतात, आणि १/५० ठेवूनही पट्टे हळूहळू चढत राहतात. त्यावर उपाय म्हणजे शॉट चालू असताना त्याच जनरेटरवर इस्त्री-पंखा लावू न देणं. बॅटरीच्या एलईडी कंदिलाचं दुखणं आणखी वेगळं. मंद केला की तो चालू-बंद होऊनच मंद होतो, त्याचा ५० शी संबंध नाही. तो पूर्ण उजेडावर ठेवायचा आणि लांब न्यायचा.

दुसरं, चेहरा. ‘कातडी ७० टक्क्यांवर आणा’ (म्हणजे पडद्यावरच्या कमाल उजेडाच्या ७० टक्के) हा जुना नियम गोऱ्या चेहऱ्यांवरून बेतलेला आहे. गडद चेहरा ३५ ते ५० च्या आसपास नैसर्गिक दिसतो. ७० वर ओढला तर राखाडी होतो आणि मागचं आकाश जळून जातं. ऑटोवर सोडलं तर कॅमेरा पत्र्यावरच्या उन्हाला भुलतो आणि माणसाची नुसती सावली उरते. म्हणून एक्स्पोजर (उजेडाचं माप) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचं माप) दोन्ही लॉक. थेट दिवा मारू नये, पांढरी चादर बाजूला मीटरभर अंतरावर ताणावी. गडद कातडीवर मोठ्या पृष्ठभागाचं प्रतिबिंबच चेहऱ्याला आकार देतं.

जिद्द वगैरे नंतर. आधी माणूस दिसला पाहिजे.

खरखर

+१. आणि ऐकू आला पाहिजे. नायजेरियातल्या लागोसमध्ये घराघरांतल्या लहान जनरेटरला लोक ‘आय बेटर पास माय नेबर’ म्हणतात. शेजाऱ्याहून मी बरा! त्याची भुणभुण नुसत्या लो-कटने (खालचे सूर गाळणाऱ्या फिल्टरने) जात नाही, कारण ५० च्या पटीतले सूर पार वरपर्यंत चढलेले असतात. माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर हवा आणि त्याची पाठ जनरेटरकडे. मुलाखतीच्या मध्येच तेल संपून जनरेटर बंद पडला तर पुढचा-मागचा आवाज जुळत नाही, प्रत्येक कट कानाला टोचतो. म्हणून बसल्याबसल्या एक मिनिट कुणीही न बोलता नुसती भुणभुण ध्वनिमुद्रित करून ठेवायची. संपादनात तीच खाली पसरता येते.

धागाकर्त्याला एवढंच सांगेन: जनरेटर पूर्ण पुसून मागे पियानो लावला की जिद्द तयार होते. भुणभुण ठेवली की पेट्रोलचा खर्चही ऐकू येतो.

दुभाषी

मूळ मुद्दा शब्दाचा आहे ना? मग किन्शासाचा स्वतःचा शब्द बघा. तिथे ‘आर्टिकल १५’ म्हणतात. संविधानातलं हे कलम खरं नाही, थट्टेचं आहे. त्याचा आशय: तुमचं तुम्ही निभावून न्या. पगार नाही मिळाला? कलम १५. वीज गेली? कलम १५. वीज जाण्याला ते ‘देलेस्ताज’ म्हणतात, म्हणजे आपलं लोडशेडिंगच. (दक्षिण आफ्रिकेत तर थेट लोडशेडिंग हाच शब्द.) कलम १५ मध्ये कौतुक थोडं, सरकारला मारलेला टोमणा जास्त. सबटायटलमध्ये मात्र त्याची ‘चिकाटी’ होते. टोमणा गेला, शाबासकी उरली.

हे नेहमी दुष्टपणाने होतं असं नाही. सबटायटलची ओळ ४२ अक्षरांची, ओळी दोन, वाचनाचा वेग सेकंदाला १७ अक्षरांच्या आसपास. बोलणारा ‘कलम १५’ अर्ध्या सेकंदात उडवून टाकतो. खुलासा करायला जागाच नसते. लिंगाला या बोलीभाषेतून मध्येच फ्रेंचवर उडी मारणं, ती सरकारी भाषेची नक्कल, तीही सपाट होते.

रातकिडा

@दुभाषी, हे मला हवं होतं. माझा आक्षेप दिग्दर्शकांवर कमी आणि या भाषांतरावर जास्त आहे, हे आत्ता लक्षात आलं. तरी @मधला पडदा, एक उत्तम उदाहरण देऊन सगळा ढीग तरत नाही. बाहेरच्या निधीसाठी अर्ज लिहितानाच ‘आशादायी शेवट’ ठरलेला असतो, मग चित्रीकरण त्याच्या मागे फरफटतं.

मधला पडदा

निधी बाहेरचा म्हणून नजरही बाहेरची, हे फार सोपं गणित झालं. १९३४ च्या लाव्हाल फर्मानाने (फ्रेंच सरकारच्या हुकमाने) आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत परवानगीशिवाय चित्रीकरणच करता येत नव्हतं. दिग्दर्शक पोलँ व्हिएरा आणि साथीदारांना आफ्रिकेत परवानगी मिळाली नाही, म्हणून १९५५ मध्ये त्यांनी पॅरिसमध्येच, तिथल्या आफ्रिकनांच्या रोजच्या जगण्यावर ‘आफ्रिक-स्यूर-सेन’ केला. वीस-एकवीस मिनिटांचाच. ज्यांना स्वतःचा रस्ता चित्रित करायची परवानगी मागावी लागत होती, त्यांच्या नातवंडांनी हसरा चेहरा दाखवला तर लगेच भुवई कशाला उंचवायची?

रातकिडा

हसऱ्या चेहऱ्याला नाही, त्याच्या जागेला. तो नेहमी शेवटीच का?

वायरमन

कारण बहुतेकदा तो शेवटच्या दिवशी चित्रित होतो. तोवर लोकांना कॅमेऱ्याची सवय झालेली असते. संपादनाच्या टेबलावर त्याला सातव्या मिनिटाला नेता येतं की.

अवांतर, संपादक दुसऱ्या शहरात असेल तर: सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रीकरण केलं तर तासाला ४५ जीबी. दहा मिनिटांच्या लघुपटासाठी २०० मिनिटं चित्रीकरण म्हणजे १५० जीबी, आणि त्याच्या दोन प्रती. मोबाइल डेटावर एवढं कोण पाठवणार? ७२० ची (कमी रेषांच्या चित्राची) सेकंदाला अडीच मेगाबिटची हलकी प्रत करा, पावणेचार जीबीत भागतं. फाइलींची नावं बदलू नका. फोनची फ्रेमगती मुळात डळमळती असते, ती आधी स्थिर २५ करून घ्या, मगच हलकी प्रत काढा. नाहीतर वेगळा घेतलेला आवाज दहाव्या मिनिटाला ओठांच्या पुढेमागे पळतो.

दुभाषी

आणि त्या हलक्या प्रतीसोबत वस्तीतला एक माणूस संपादकाशेजारी बसवा, किंवा निदान फोनवर ठेवा. ‘कलम १५’ म्हटल्यावर मागे कोण हसलं, ते त्यालाच कळेल. ते हसू साधारण दोन सेकंदांचं असतं आणि सबटायटल संपलं म्हणून हमखास कापलं जातं.