शिमग्यापासून बिघडणारं मन: बेळगाव भागातल्यांनी नेमकं लिहावं

शिमग्याच्या सुमाराला झोप उडते, जेवण नको होतं, आतनं धडधडायला लागतं, आणि मृगाचा पाऊस लागला की सगळं उतरतं. ओळीनं दोन वर्षं असं झालं असेल तर 'उन्हाळा बाधला' म्हणून सोडून देऊ नका, ते उन्हाळी नैराश्य असू शकतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागात अशा माणसांना सांभाळणाऱ्यांनी आणि उपचारातल्यांनी इथं लिहावं: काय करायचं, किती करायचं, कुठं चुकतं. आपबीती नको, कामाचं लिहा.

समुपदेशन, टिळकवाडी

पहिली चूक उपायातच होते. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं नाव काढलं की लोक हिवाळ्यातला इलाज सांगतात: सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) प्रखर दिव्यासमोर बसा. तो इलाज थंडीतल्या प्रकाराचा. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्या प्रकाराची मांडणी केली. उन्हाळी प्रकाराबद्दल थॉमस वेहर यांच्या गटानं १९८७ मध्ये लिहिलं. दोन्हींची लक्षणं जवळपास उलटी असतात. थंडीत माणूस जास्त झोपतो, भात-गोड जास्त मागतो, जड होतो. वसंत-उन्हाळ्यात झोप आणि भूक दोन्ही घटतात, वजन उतरतं, चीड वाढते, एका जागी बसवत नाही. अशा माणसाला भर उन्हात फिरायला पाठवलं तर त्रास वाढू शकतो. फिरणं सकाळी आठच्या आत उरकावं.

आणखी एक. मधेच चार दिवस झोप न घेताही ताजंतवानं वाटणं, बोलणं सुसाट होणं, अवाच्या सवा खर्च, असं कधी झालं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. तो द्विध्रुवी आजार असू शकतो. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो.

घरी रुग्ण सांभाळणारी, अनगोळ

सगळा भर झोपेवर ठेवा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खाली धग सोडत राहतो, म्हणून वरच्या मजल्यावरची खोली या तीन महिन्यांत रुग्णाला देऊ नये. देणं भागच असेल तर गच्चीला चुन्याचे दोन हात मारा, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. घाईनं मारला की पापुद्रे सुटतात.

पूर्वेची खिडकी हे दुसरं कारण. मे महिन्यात आपल्याकडं सहाच्या आसपास सूर्य उगवतो, उजेड त्याच्याही आधी आत येतो आणि पहाटेची झोप मोडते. पातळ पडदा उपयोगाचा नाही. गडद चादर दुहेरी घडी करून चौकटीच्या बाहेर चार-चार बोटं जाईल अशी लावा, कडेच्या फटीतनं येणारा उजेडच जागं करतो. पण उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप वीस मिनिटं, तीनच्या आत. दुपारी चारनंतर चहा बंद. चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं. पाहुणे आले तरी बंद!

औषध दुकान, निपाणी

लिथियम (द्विध्रुवी आजारात मन स्थिर ठेवायला देतात ते औषध) घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात फार जपावं. घाम, जुलाब, कडक उपास, यानं अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं. बीपीसाठी एकाएकी मीठ तोडलं तरी तेच. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनानं घेऊ नये, त्यानंही पातळी वाढते. हात जास्त कापणं, उलटी, तोल जाणं, जीभ जड होणं, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं: रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. गोळी खाऊन रक्त दिलं की आकडा फुगून येतो.

आशा कार्यकर्ती, खानापूर तालुका

आपण म्हणतो 'बेजार आलंय'. कन्नडातही 'बेजार' म्हणतात, पण ऐकणारा डॉक्टर त्याचा अर्थ कंटाळा किंवा नाराजी एवढाच घेतो, आणि बारा दिवस धड न झोपलेला माणूस टॉनिक घेऊन घरी येतो. म्हणून शब्दावर भिस्त ठेवू नका, मोजून सांगा: किती आठवडे, रोज की अधूनमधून, रात्री कितीला जाग येते, वजन किती किलो उतरलं. घरातल्या कालनिर्णयावर रोजच्या चौकोनात झोपेचे तास लिहा आणि चीड शून्य ते तीन मांडा. कॅलेंडर खिळ्यावरनं काढून तसंच घेऊन जा, कागदाची भाषा आड येत नाही. गरज पडली तर कन्नडातलं एवढं पाठ असू दे: 'निद्दी बरंगिल्ला', झोप येत नाही. 'ऊटा सेरंगिल्ला', जेवण जात नाही.

धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, डिमहान्स. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र आणि फुकट. भाषा निवडता येते, मराठीसुद्धा.

शेतकरी सोसायटी, हुक्केरी

हे सगळ्यात आधी वाचा. उदासी आणि तडफड एकत्र असली की माणूस जास्त धोक्यात असतो. आत्महत्या ऐन थंडीत नव्हे तर वसंताच्या शेवटी जास्त होतात, हे युरोपच्या आकडेवारीत एकोणिसाव्या शतकातच दिसलं होतं. त्यात आपल्याकडं ऊसबिल, मार्चअखेर आणि परीक्षा एकाच वेळी येतात. फवारणीची औषधं घरात, माळ्यावर, गोठ्यात ठेवू नका. शेडात लोखंडी पेटी, कुलूप, आणि किल्ली घराबाहेरच्या माणसाकडं. राहिलेलं औषध 'पुढच्या हंगामाला' म्हणून जपू नका. घरातल्या गोळ्याही आठवड्याच्या तेवढ्याच हाताशी असू देत.

'मरावंसं वाटतंय का?' हे सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका. पोलीस केसच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं.

पुन्हा टिळकवाडी

जत्रेचं राहिलं. चैत्र पौर्णिमेला जोतिबा, सौंदत्ती. देवाला जरूर जावं, पण रात्रभर जागून नव्हे. दुपारी निघा, मुक्कामाला सहा तास झोप मिळेल अशी जागा आधी ठरवा, गोळ्या पिशवीत नको, खिशात ठेवा.

आणि डॉक्टरांची तारीख रथसप्तमीच्या आसपास घ्या. नैराश्याची गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे जातात, काहींना सहा. शिमगा झाल्यावर गेलात तर चैत्र तसाच काढावा लागतो.