किनाऱ्यावर डिस्क्रिमिनेशन चढवा म्हणे!

ओहोटीकर: काल इथे कुणीतरी मेटल डिटेक्टरबद्दल छातीठोकपणे लिहिलंय, 'किनाऱ्यावर डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे सिग्नल गाळणं) पूर्ण चढवा, लोखंड आणि कॅनच्या कड्या गाळा, दागिने तेवढे खणा.' राहवलं नाही. मशीनवर बारीक अंगठीचा नंबर (धातू ओळखायचा आकडा) कॅनच्या कडीच्या आसपासच येतो. कडी गाळली की अंगठीही गेली. हल्लीचा स्टेनलेसचा रुपयासुद्धा बरीच मशिन्स लोखंडात ढकलतात. बारीक साखळी तर वाजतच नाही, कारण मशीनला एकेक कडी सुटी दिसते. वाजते ती मंगळसूत्राची वाटी.

वाळूचाळ: तो मीच. विसर्जनानंतर जुहूला सगळे सिग्नल खणून दाखवा, मग बोलू. खिळे, तारा, बुचं. पाठ मोडते.

ओहोटीकर: कान कशाला दिलेत? ९० अंशांत फिरून पुन्हा स्वीप करा, म्हणजे मशीन वाळूवरून फिरवा. खिळा एकीकडून वाजतो, दुसरीकडून तुटतो. अंगठी दोन्हीकडून सारखी. बाटलीचं बूच फसवतं, ते कबूल.

भांगउधाण: मशीन कुठलं ते आधी सांगा. एका फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन) ओल्या वाळूत मिठालाच वाजतं. सेन्सिटिव्हिटी उतरवा, कॉइल (मशीनची खालची तबकडी) दोन बोटं वर आणि समांतर ठेवा. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत ग्राउंड बॅलन्स (वाळूतल्या खनिजांचा सिग्नल मारणं) न करणाऱ्यांनी रडू नये. पल्स इंडक्शन, म्हणजे विजेच्या ठोक्यांवर चालणारं मशीन, मीठ सोडून देतं, पण लोखंड ओळखत नाही.

वाळूचाळ: म्हणजे तिथेही सगळंच खणा. आभारी आहे.

पाऊणपट: वेळ कोण बघतंय? तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, पुढे सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला, पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा, म्हणजे तळ सव्वापाचला. दोन तास आधी उतरा, पाण्यामागे खाली सरका. भांगाला (अष्टमीच्या आसपास, पाणी फारसं उतरत नाही तेव्हा) जाऊन 'काही मिळत नाही' म्हणू नका.

कलमबहाद्दर: आणि मिळालं तर? निखात निधी अधिनियम, १८७८. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज कलेक्टरला लेखी कळवायचा.

वाळूचाळ: दहा रुपये! वडापाव तरी येतो का, वकीलसाहेब?

कलमबहाद्दर: आकडा हास्यास्पद आहे, कायदा जिवंत आहे.

ओहोटीकर: कालपरवा पडलेली अंगठी 'निधी' कशी?

कलमबहाद्दर: नसेल, पण तिला मालक आहे. शोधायचा प्रयत्न न करता खिशात घातली तर अपहार. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा, परदेशी धाडता येत नाही. 'सापडलं ते आपलं' हे गोट्यांत चालतं.

भांगउधाण: वेळास-आंजर्ल्याला हिवाळ्यात भरतीरेषेच्या वर खणूच नका. कासवाची अंडी हातभरच खोल असतात. त्याला कलेक्टर नाही, थेट वनखातं.

वाळूचाळ: बरं बाबांनो, कड्या खणतो. खिळे नाही म्हणजे नाही.

ओहोटीकर: खड्डे बुजवा तेवढे.