बीएस्सी आयटी एस.वाय.ला विद्यापीठ बदललं, ४४ क्रेडिट असून तीन पेपर परत?

रात्रपाळी:
नमस्कार. मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. जूनमध्ये बदली झाली, राज्याच्या एका टोकाहून पार दुसऱ्या टोकाला. लेकीचं बीएस्सी आयटीचं पहिलं वर्ष जुन्या ठिकाणी झालं, एकही केटी नाही. तिला एकटीला होस्टेलवर ठेवायची ऐपत नाही नि मनही होत नाही, म्हणून इथल्या कॉलेजात एस.वाय.ला घालायचं ठरवलं. (गावं, विद्यापीठं यांची नावं लिहीत नाही. तिला इथेच दोन वर्षं काढायचीत.)

काउंटरवर डिजिलॉकर उघडून एबीसीचं (क्रेडिट साठवायच्या सरकारी बँकेचं) पान दाखवलं, ४४ क्रेडिट जमा. बाईंनी चष्मा वर करून मोबाइलकडे बघितलं नि म्हणाल्या, "हे राहू द्या. सिलॅबसची कॉपी आणलीत का? पानापानावर शिक्का लागतो." दोन रजा टाकून परत गेले, शिक्के मारून आणले. पंधरा दिवसांनी यादी लागली. पर्यावरण, इंग्रजी वगैरे सगळं मान्य. आयटीचेच तीन पेपर अमान्य, ते एस.वाय.बरोबर द्यायचे! सी प्रोग्रॅमिंग (इथे पहिल्या सेमला पायथन आहे), वेब डिझायनिंग (इथे 'वेब प्रोग्रॅमिंग' म्हणतात) आणि डेटाबेस. डेटाबेसमध्ये तिला ७८ आहेत हो. कारण काय, तर तिचे क्रेडिट दोन, इथले चार.

काही करता येईल का? नवीन धोरणात हे सगळं सोपं होणार होतं ना?

तंत्रनिकेतन:
ताई, डिप्लोमात हा घोळ नाही. आमच्याकडे एमएसबीटीईचा (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा) एकच अभ्यासक्रम, स्वायत्त पॉलिटेक्निकं सोडली तर राज्यभर. आधीच्या आय स्कीममध्ये (मंडळाच्या अभ्यासक्रमाचं नाव) २२३१७ म्हटलं की लातूर असो की रत्नागिरी, पेपर एकच असायचा: डेटा स्ट्रक्चर युझिंग सी. मधेच पॉलिटेक्निक बदललं तरी पोराला पुढच्याच धड्यावर बसवायचं. इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही म्हणूनच घेतात. तिथे गेल्यावर गणितात गटांगळ्या खातात तो भाग वेगळा. विद्यापीठांनाही असंच एक बोर्ड करून टाका, विषय संपला.

खडू-डस्टर:
विषय तिथे संपत नाही, तंत्रनिकेतन. आधी ताईंचं बघू.

ताई, मी बावीस वर्षं आयटी शिकवतोय आणि आमच्याकडे अशा याद्या करायला चार-पाच वर्षं बसलोय. म्हणजे तुमच्या रागाचा थोडा वाटा माझाही. काम कसं चालतं सांगतो. टेबलावर दोन सिलॅबस, हातात पेन्सिल. युनिटसमोर युनिट धरून खुणा करत जायचं. दुपारी चारला चहा येईपर्यंत वीस मुलांची प्रकरणं उरकायची असतात. मग काय होतं, नाव जुळलं की टिक, नाही जुळलं की वाचायला वेळ नाही. पर्यावरण सगळीकडे पर्यावरणच असतं, म्हणून ते सुटलं. आयटीच्या पेपरांना मात्र ज्याने त्याने आपल्या हौसेने नावं ठेवलीत.

एबीसीबद्दल गैरसमज नको. २०२१ च्या यूजीसी नियमांनी क्रेडिट साठवायची सोय झाली, सात वर्षं टिकतात. पण डिग्री देणाऱ्या विद्यापीठात निम्मे तरी क्रेडिट मिळवावे लागतात, आणि बाहेरून आलेला कुठला पेपर कशाच्या बदल्यात धरायचा हे तेच ठरवतं. तुमची शिल्लक खरी आहे, ती कुठे वटते हा प्रश्न उरतोच.

आता डेटाबेस. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३०. इथले चार म्हणजे बहुतेक दोन थिअरी, दोन लॅब. तुमच्याकडे लॅब नसेलच असं होणार नाही. नव्या रचनेत बऱ्याच ठिकाणी प्रॅक्टिकल तोडून वेगळा पेपर केलाय आणि तो व्हीएससीच्या (कौशल्याच्या पेपरांच्या) रकान्यात टाकलाय. मार्कलिस्ट काढा, तिथे एसक्यूएल नाहीतर ओरॅकल असं काही दिसतं का बघा. दिसलं तर दोन्ही पेपर मिळून एक धरा असा अर्ज करा, तासांची बेरीज लिहून. वेबचंही तसंच, युनिटवार तक्ता करून द्या. नुसती विनंती कोणी वाचत नाही, तक्ता वाचतात. सीचं मात्र अवघड आहे. मला विचाराल तर लूप, फंक्शन, ॲरे ज्याला सीमध्ये जमले त्याला पायथन दिवाळीच्या सुट्टीत येतं. पण समितीत हे म्हणणारा मी एकटा असायचो.

तंत्रनिकेतन, सगळा अभ्यासक्रम एकच करायला माझा विरोध आहे. मायक्रोसॉफ्टने व्हीबी सिक्सचा सपोर्ट २००८ ला काढून घेतला, आम्ही पुढे कितीतरी वर्षं तेच शिकवत होतो, कारण सिलॅबस बदलायचा तर दहा सह्या लागतात. राज्यभर एकच केला तर शंभर लागतील. एक करायचेत ते पायाचे पाच-सहा पेपर: प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम. तेही भाषा न ठरवता. पोराला शेवटी काय करता आलं पाहिजे ते लिहा, तास सारखे ठेवा, राज्यभर एक क्रमांक द्या. बाकी एआय शिकवा नाहीतर ड्रोन उडवा. बीसीए २०२४-२५ पासून एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेखाली गेलं, त्यांचा नमुना अभ्यासक्रम तरी आहे. बीएस्सी आयटी अजून उघड्यावरच.

फ्रीमाँटची_मावशी:
खडू-डस्टर म्हणतायत तसंच काहीसं इथे कॅलिफोर्नियात आहे. कम्युनिटी कॉलेजं (पहिली दोन वर्षं शिकवणारी सरकारी कॉलेजं) ११६, प्रत्येकाचा कोर्स नंबर निराळा. त्यावर सी-आयडी म्हणून सामाईक क्रमांक देतात. कॉलेजने पेपरला काहीही नाव दिलं तरी सी-आयडीत 'कॉम्प १२२' असेल तर तो प्रोग्रॅमिंगचा पहिला पेपर, जावा असो की सी प्लस प्लस. माझ्या मुलाचा असाच लागू पडला. तरी लोकांचा गोंधळ मिटेना, म्हणून २०२१ मध्ये कायदा करून कॉलेजांचे स्वतःचे नंबरच एकसारखे करायला घेतलेत. सुरुवात इंग्रजी, स्टॅटिस्टिक्स अशा विषयांपासून. म्हणजे आयटीवाले इथेही रांगेतच.

रात्रपाळी:
खडू-डस्टर सर, सापडलं! व्हीएससीच्या खाली 'एसक्यूएल लॅब', दोन क्रेडिट, ६० तास. मी तो पेपर आजवर इंग्रजीच्या खालचा काहीतरी किरकोळ समजत होते. लेकीने रात्रीत तक्ता केला, डेटाबेस आणि वेब दोन्हीचा, सकाळी ड्यूटीवरून परस्पर जाऊन देऊन आले. त्याच बाई होत्या. तक्ता दोनदा वाचला, ठीक आहे म्हणाल्या, आणि लॅबचं सही-शिक्क्याचं जर्नल जोडायला सांगितलं.

जर्नल घरीच आहे. सामानाची अकरा खोकी अजून उघडायचीत, त्यातल्या कुठल्यात ते शोधतोय.