ओट्टो रेहागेल बायर्नमध्ये का टिकले नाहीत?

प्रश्न : शिवाजी पेठेतील एक प्रेक्षक

कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत फुटबॉलचे दोन सामने हरले की प्रशिक्षक बदलण्याची मागणी सुरू होते, आणि त्या वादात परवा कोणीतरी जर्मन फुटबॉल प्रशिक्षक रेहागेल यांचा दाखला दिला. वेर्डर ब्रेमेन या क्लबला त्यांनी 1988 आणि 1993 मध्ये बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगचे, विजेतेपद मिळवून दिले. मग 1995 मध्ये बायर्न म्युनिकला गेल्यावर एक हंगामही पूर्ण होण्याआधी त्यांना का काढण्यात आले? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर 1

ब्रेमेनमध्ये ते 1981 ते 1995 अशी सलग चौदा वर्षे होते आणि संघाच्या बाबतीत त्यांचाच शब्द शेवटचा असे. म्युनिकमध्ये क्लिन्समनसारखे नामांकित खेळाडू होतेच, शिवाय बेकेनबाउअर यांच्यासारखे माजी दिग्गज क्लबच्या कारभारात बसलेले होते, त्यामुळे प्रशिक्षकाचा प्रत्येक निर्णय बाहेर चघळला जाई. एप्रिल 1996 मध्ये, युएफा चषक या युरोपीय क्लब स्पर्धेची अंतिम फेरी तोंडावर असताना, त्यांना निरोप देण्यात आला. बेकेनबाउअर यांनी सूत्रे हाती घेतली आणि चषक बायर्नने जिंकला. माझ्या मते तिथे त्यांना वेळच मिळाला नाही.

उत्तर 2 : मंगळवार पेठ

वेळेचा मुद्दा मला पटत नाही, दादा. त्याच वर्षी खालच्या श्रेणीत घसरलेला कैसरस्लाउटर्न संघ त्यांनी हाती घेतला, 1997 मध्ये तो वर आणला, नव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात म्युनिकमध्ये जाऊन बायर्नला 1-0 असे नमवले आणि 1998 मध्ये थेट विजेतेपद पटकावले. नुकत्याच वर आलेल्या संघाने बुंडेसलिगा जिंकल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. याला चौदा वर्षे कुठे लागली? त्या संघात अनुभवी ब्रेमे होते, बायर्नमध्ये रेहागेल यांच्याच हाताखाली खेळलेला स्फोर्झा होता आणि मार्शलने त्या हंगामात 21 गोल केले. म्हणजे खेळाडू कच्चे नव्हते. फरक एवढाच की, कैसरस्लाउटर्नमध्ये प्रशिक्षकाच्या डोक्यावर दुसरा कारभारी नव्हता. (आपल्याकडे तालमीचा प्रत्येक जुना खेळाडू कारभारीच असतो, हे वेगळे सांगायला नको.)

उत्तर 3

ग्रीसचे उदाहरण दोन्ही मतांना थोडे थोडे धरून आहे. 2001 मध्ये राष्ट्रीय संघाची जबाबदारी घेतल्यावर पहिल्याच सामन्यात फिनलंडने त्यांना 5-1 असे धुतले, आणि युरो 2004 या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीतही पहिले दोन्ही सामने हातचे गेले. तरीही संघटनेने त्यांना हात लावला नाही. पुढचे सहाही सामने जिंकून ग्रीसने स्पेनला मागे टाकत गटात पहिले स्थान मिळवले. पोर्तुगालमधील मुख्य स्पर्धेत त्यांनी जुन्या पद्धतीचे माणसाला माणूस मार्किंग (प्रत्येक बचावपटूने ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहणे) वापरले : फ्रान्सविरुद्ध सेइतारिदिसने त्यांचा आघाडीवीर ऑन्री याला मोकळे सोडले नाही, आणि मागे देल्लास स्वीपरसारखा, म्हणजे बचावफळीच्या पाठीमागचा शेवटचा राखणदार म्हणून, उभा राहिला. उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम हे तिन्ही सामने 1-0 असेच सुटले. अंतिम सामन्यात खारिस्तेआसने कॉर्नरवर हेडर मारून यजमान पोर्तुगालला हरवले. हा खेळ कंटाळवाणा होता, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

मूळ प्रश्नकर्त्यांना एवढेच विचारतो : 1978 मध्ये रेहागेल यांचा तेव्हाचा डॉर्टमुंड संघ ग्लाडबाखकडून 12-0 असा हरला आणि त्यांची नोकरी गेली, तेव्हा आपण गॅलरीत असतो तर कोणाच्या बाजूने ओरडलो असतो?